शाईवालीचा नवरा

काजळी सरांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. कलाशाळेत एकतीस वर्षं त्यांनी छपाई शिकवली आणि त्या एकतीस वर्षांत विद्यार्थ्यांदेखत काळ्याशिवाय दुसऱ्या रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं नाही, म्हणून विद्यार्थ्यांच्या कुठल्याशा तुकडीनं त्यांचं 'काजळी' करून टाकलं. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. "रंग ही चित्र न येणाऱ्यांची सोय आहे," असं ते पहिल्याच तासाला सांगून टाकत. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेघ ओढायची, पत्रा तेजाबात बुडवायचा, रेघांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागदावर दाबून ठसा काढायचा, एवढ्यात त्यांचं सगळं जग मावत होतं. सव्विसाव्या वर्षी त्यांना एक मोठं पारितोषिक मिळालं होतं. त्याचं प्रमाणपत्र घराच्या जिन्यात लावलेलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला मान वळवूनही चुकवता येऊ नये अशा वळणावर. त्यानंतर दुसरं काही लावायची वेळ आली नाही.

त्यांचं लग्न जमलं तेही शाईच्या तक्रारीवरून. शाळेची शाई खोकी आणि लेबलं छापणाऱ्या एका छापखान्यातून यायची. एकदा काळा तांबूस निघाला म्हणून सर तणतणत तिथं गेले. रंग कालवायच्या खोलीत एक मुलगी बाह्या कोपरापर्यंत सारून उभी होती. छापखान्यात तिला सगळे 'शाईवाली'च म्हणत. तिनं सरांचं भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं, बोटाच्या टोकावर शाई घेतली, कागदाच्या कपट्यावर फासली आणि कपटा खिडकीशी धरला.

"काळा एकट्यानं काळा दिसत नाही, सर. त्यात थोडा निळा घालावा लागतो. घालून देऊ?"

"काळ्यात निळा?"

"दिसणार नाही. काळजी करू नका."

तिनं घालून दिला. सरांनी त्या शाईनं ठसा काढला आणि असा काळा आपण आजवर पाहिलेला नाही, हे त्यांना कबूल करावं लागलं. पुढच्या महिन्यात काही तक्रार नसताना ते पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या महिन्यात तर शाई संपलेलीही नव्हती.

घर म्हणजे वर दोन खोल्या आणि खाली गाडी ठेवायची जागा. गाडी कधी आलीच नाही, तिथं हातचाकाचं जुनं छापयंत्र आलं. मुलगी झाली तशी शाईवालीनं नोकरी सोडली आणि सरांचे पत्रे छापायला घेतले. पत्रा पुसणं हे कोरण्याइतकंच नाजूक काम. आधी जाळीदार कापडानं, मग नुसत्या तळहातानं, कुठं किती शाई ठेवायची ते पुसणाऱ्याच्या हाताला कळावं लागतं. सर कोरत, ती छापे, आणि खाली पेन्सिलीनं सही सर करत. पाहुणे आले की ते कौतुकानं म्हणत, "ही माझा उजवा हात." ती हसे. उजव्या हाताला कुणी नाव विचारत नाही.

माहेराहून येताना तिनं कागदांचा एक जाड गठ्ठा आणला होता. छापखान्यात नवं काम यंत्रावर चढवलं की रंग एकमेकांवर नीट बसेपर्यंत चांगला कागद वाया घालवत नाहीत. जुनेच ताव पुन्हा पुन्हा घालतात. त्यामुळे एकेका तावावर बिस्किटांचं खोकं, त्यावर औषधाचं लेबल, त्यावर साबणाचं वेष्टन, असे दहा-बारा थर साचत जातात, आणि शेवटी तो ताव फेकला जातो. ती ते फेकू देत नसे. सरांना वाटलं, बायकोला एकेक खूळ असतं. फावल्या वेळी ती ते ताव मांडीवर घेऊन बसे आणि दुसरी बाई फोटोंचा अल्बम चाळेल तशी चाळे. "हा पिवळा बघा ना, खालच्या जांभळ्यानं त्याला कसं आजारी पाडलंय," असं काहीबाही सांगे. सर वर्तमानपत्रामागून हुंकार भरत.

मुलगी शाळेत जायला लागली आणि दुपारचे तीन तास मोकळे झाले. शाईवालीनं जमिनीवर घालायच्या लिनोचा उरलेला तुकडा घेतला आणि त्यावर नक्षी कोरली. नक्षी तरी कसली? न्हाणीघराच्या झरोक्याची जाळी. मग सायकलच्या टायरच्या खाचा, मग मुलीच्या स्वेटरची वीण. एक पातळ रंगात छापायची, वाळू द्यायची, तिच्यावर दुसरी जरा सरकवून छापायची, मग तिसरी. सुरुवातीचे ताव भयाण होते. सरांनी चष्मा पुसून ते पाहिले आणि खुर्ची ओढून तिला शिकवायला बसले. रचना म्हणजे काय, मोकळी जागा कशी सोडायची, नजर कुठून आत शिरते. फार मायेनं शिकवलं. ती चुकत होती तोवर सर खरोखर मोठ्या मनाचे होते.

मग कधीतरी ती चुकेनाशी झाली. ते नेमकं कधी झालं हे सरांना सांगता आलं नसतं. एका सकाळी ते खाली उतरले तर दोरीवर चिमट्यांनी चार ताव टांगलेले होते. उजेड त्यांच्यावर पडत होता की त्यांच्यातून येत होता, तेच कळेना. झरोक्याची जाळी, वीण, खाचा, सगळं होतं आणि नव्हतंही. नऊ रंग असावेत, पण बोट ठेवून 'हा हिरवा' म्हणावं तर तो हिरवा नसायचाच, निळ्याखालून पिवळा डोकावत असायचा. सर बराच वेळ उभे राहिले. ते न्याहारी न करताच शाळेत गेले आणि त्या दिवशी एका हुशार मुलाला विनाकारण टाकून बोलले.

त्याच वर्षी एक चित्रदालन चालवणाऱ्या बाई सरांचे पत्रे पाहायला घरी आल्या. छपाईच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं होतं. सरांनी आठ ठसे टेबलावर मांडले होते. बाईंनी ते आदबीनं पाहिले, तीन निवडले, आणि निघता निघता त्यांची नजर मागच्या दोरीकडे गेली. त्या तिकडे गेल्या आणि हातातली पर्स खाली ठेवली. सरांच्या पत्र्यांसाठी त्यांनी ती खाली ठेवली नव्हती.

"हे कुणाचं?"

शाईवाली चहाचे कप घेऊन दारातच उभी होती. सरांनी तिला पाहिलं, आणि तरीही म्हणाले, "ते होय? रद्दी आहे. यंत्र पुसायचे ताव."

बाईंनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "मग रद्दीतले दोन नेऊ का मी?"

"न्या की," दारातून शाईवाली म्हणाली आणि कप ठेवून दोरीपाशी गेली. कुठले दोन द्यायचे ते तिनंच निवडलं.

बाई गेल्यावर ती कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "यंत्र पुसायचे ताव मी कधी वाळत घातलेत का हो?" सरांनी वर्तमानपत्र उघडलं.

प्रदर्शनाची पत्रिका आली तेव्हा तिच्यात सरांचे तीन ठसे होते, आणि शेवटी शाईवालीचं नाव, कामांची नावं 'रद्दी एक' आणि 'रद्दी दोन'. उद्घाटनाला सर आपल्या ठशांपाशी नवा कोट घालून उभे राहिले. लोक येत, मान डोलावत, "सुरेख रेघ आहे," म्हणत आणि पुढं सरकत. समोरच्या कोपऱ्यात घोळका साचला होता. सर मनात मोजत होते. आपल्या चित्रापाशी माणूस किती श्वास थांबतो आणि तिच्यापाशी किती. घरी येताना ते म्हणाले, "गर्दी कोपऱ्यात होती. पंखा तिकडेच होता ना." ती म्हणाली, "हो, असेल."

त्यानंतर सरांच्या मागं जणू भुंगाच लागला. शिक्षकांच्या खोलीत कुणी "वहिनींचं काय चाललंय नवीन?" विचारलं तरी त्यांना मिरच्या झोंबायच्या. पूर्वी लोक त्यांना पारितोषिकवाले म्हणून ओळखत. आता एक तरुण शिक्षक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "शाईवालीचे मिस्टर ते," आणि ते सरांनी ऐकलं. दिवसभर ते शब्द दातात अडकलेल्या तंतूसारखे सलत राहिले. तिचं कुणी वाईट बोललं तर बरं वाटेल असं त्यांना वाटे. एकदा एका समीक्षकानं खरोखरच वाईट लिहिलं, तर त्या माणसाला अक्कल नाही म्हणून सरांना इतका संताप आला की स्वतःचंच नवल वाटलं.

सुट्टीत शाळा रिकामी असताना त्यांनी कार्यशाळेचं दार आतून लावून घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा रंगाचे डबे उघडले. तिच्यासारखीच जाळी कोरली, तिच्यापेक्षा शंभरपट सफाईनं. एकावर एक सात रंग छापले. चौथ्यापर्यंत बरं होतं. सातव्याला तावावर चिखल झाला, बूट घालून कुणी वरून चालत गेल्यासारखा. पुन्हा केलं, पुन्हा चिखल. तिच्याकडं काहीतरी गुपित असणार, कालवायचं काही प्रमाण, छापखान्यातून चोरून आणलेलं, याची त्यांना खात्री पटली. ती बाजारात गेलेली पाहून त्यांनी तिची वही उघडली. आत लिहिलं होतं: 'पिवळा, मंगळवारी. बुधवारी ढगाळ, वाळला नाही, थांबले. गुरुवारी थांबले. शुक्रवारी बोट लावून पाहिलं, अजून थांबायला हवं.' पानामागून पान असंच. सरांनी आपले सात रंग दोन दिवसांत छापले होते. वही जागेवर ठेवताना त्यांना गुपित सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. तसं झालं नाही, उलट ते आणखी चिडले. गुपित असतं तर चोरता तरी आलं असतं.

आणि मग ते पत्र आलं. समुद्रापलीकडच्या एका शहरातल्या नामांकित छापशाळेचं. जगभरातून वर्षाला सहा छापकार तिथं चार महिने काम करायला बोलावतात. सरांनी तरुणपणी तीनदा अर्ज केला होता आणि तीनदा नकार घेतला होता. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितलेली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. आता त्याच छापशाळेचं, त्याच जाड फिकट कागदाचं पाकीट पोस्टमननं त्यांच्या हातात ठेवलं, आणि त्यावर नाव तिचं होतं. तिनं अर्जसुद्धा केला नव्हता.

आठ दिवस पत्र कोटाच्या आतल्या खिशात होतं. रोज सकाळी ते 'आज देऊ' म्हणत आणि रोज कुठलंतरी निमित्त काढत. नवव्या दिवशी शाळेच्या टंकयंत्रावर त्यांनी उत्तर लिहिलं. 'आभारी आहे. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यामुळे येणं शक्य नाही.' खाली तिची सही केली. पाकीट पेटीत टाकलं तेव्हा हात थरथरला नाही, याची त्यांना पुढं फार वर्षं लाज वाटली.

पाच वर्षं गेली. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरी गेली. शाईवाली छापत राहिली, सरांचेही पत्रे आणि स्वतःचेही ताव. थर वाढत वाढत चौदांवर गेले. मग एका शनिवारी त्या परदेशी छापशाळेच्या प्रमुख बाई सरांच्याच कलाशाळेत व्याख्यानाला आल्या. सरांनी दुखण्याचं निमित्त काढून घरी राहायचा बेत केला होता, पण मुख्याध्यापकांनी स्वागताचं काम त्यांच्याच गळ्यात घातलं. शाईवाली पहिल्या रांगेत बसली होती. व्याख्यान संपल्यावर प्रमुख बाई थेट तिच्याकडं आल्या, तिचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही येऊ शकला नाहीत याची रुखरुख आहे आम्हाला. तुमच्या सासूबाई कशा आहेत आता?"

सर चार हात अंतरावर उभे होते. शाईवालीची सासू तिच्या लग्नाच्याही आधी सहा वर्षं वारली होती.

शाईवालीनं सरांकडं पाहिलं. एकदाच पाहिलं. मग प्रमुख बाईंना म्हणाली, "बऱ्या आहेत आता. विचारलंत, बरं वाटलं."

घरी येताना ती दोन पावलं पुढंच चालत होती. जिन्यात प्रमाणपत्रापाशी थांबून तिनं बूट काढले आणि तिथंच पायरीवर बसली.

"तुमच्या आईंना मी कधी पाहिलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही त्यांना पाच वर्षं अंथरुणात ठेवलंत."

"मी..."

"का, एवढंच सांगा. लांबण नको."

सर खालच्या पायरीवर उभे होते. "मला त्यांनी तीनदा नाही म्हटलं होतं," ते म्हणाले.

तिनं बूट बाजूला सरकवले. "हे मला सांगितलं असतंत तर मी कदाचित गेलेच नसते. वाईट वाटलं असतं मला तुमच्यासाठी."

"तेच नको होतं."

"माझी कीव नको होती, पण माझी सही चालली." ती उठली. "आणि सही तरी नीट करायची. मी शेवटच्या अक्षराला शेपूट काढते."

भांडण झालं नाही. सरांना भांडण हवं होतं. भांडणात दोन्हीकडून बोललं जातं. सोमवारी ती पुस्तकबांधणी करणाऱ्या म्हाताऱ्याकडं गेली आणि त्याच्या दुकानामागची खोली ठरवून आली. कोरलेल्या लिनोचे ठोकळे, रोलर, डबे, सगळं हातगाडीवर घालून नेलं. यंत्र नेलं नाही. तिथं ती कागद ठोकळ्यावर ठेवून लाकडी चमच्याच्या पाठीनं घासून छापायला लागली. जेवायला-झोपायला घरी, काम तिकडे. सरांचा पत्रा पुसायला मात्र ती पुन्हा कधी हात लावणार नव्हती, आणि हे तिनं सांगितलंही नाही. त्यांनी नवा पत्रा टेबलावर ठेवला, तो पंधरा दिवस तिथंच राहिला, तेव्हा त्यांना समजलं.

मग त्यांनी स्वतः छापून पाहिलं. रेघ तीच, पत्रा तोच, शाईसुद्धा तिनंच कालवून ठेवलेली. ठसा निघाला तो नकाशासारखा कोरडा. त्यांनी कपाटातले जुने ठसे वर्षांच्या क्रमानं काढून जमिनीवर मांडले. लग्नाआधीचे कडक, टोकदार, आणि लग्नानंतरचे एकाएकी खोल, सावलीत ओल असल्यासारखे. लोकांनी ज्याला 'काजळी सरांचा काळा' म्हणून नावाजलं होतं तो कुणाच्या तळहातातून आला होता, ते तिथं ओळीनं मांडलेलं होतं. आजवर ते तिच्या पुढच्या यशावर जळत होते. आता स्वतःच्या मागच्या यशावरही जळायची पाळी आली.

त्रेपन्नाव्या वर्षी शाईवालीनं त्या छापशाळेला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. निघायच्या दिवशी जेवताना सरांना म्हणाली, "सासूबाई पूर्ण बऱ्या झाल्या, असं कळवलंय." सरांना हसू आलं आणि त्यांनी पानात मान घातली.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी फोन आला. झरोक्याच्या जाळीचा जुना ठोकळा राहिलाय, बांधणीवाल्याच्या खोलीत खिडकीखाली असेल, पाठवून द्या. सर गेले. ठोकळा सापडला. घरी आणून त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि दिव्याखाली पाहिला. आडवीउभी भोकं, कडा ओबडधोबड. पहिल्या वर्षाच्या मुलानं आणला असता तर त्यांनी परत कोरायला लावला असता. त्यांनी तो काळ्या शाईत छापून पाहिला. काहीच नव्हतं त्यात. एक कंटाळवाणी जाळी. तिचा कुठलाच ठोकळा एकटा काही नव्हता. जे काही होतं ते दोन ठोकळ्यांच्या मधे घडत होतं, आणि तिथं सरांना आयुष्यभर जाता आलं नव्हतं.

ठोकळा दोन दिवस टेबलावर राहिला. हरवला म्हणून सांगणं सोपं होतं. टपालात फुटला म्हणणं तर त्याहून सोपं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो फलालीनच्या कापडात गुंडाळला, दोन्ही बाजूंनी फळ्या लावल्या, सुतळीनं आवळला आणि पोस्टात स्वतः रांगेत उभं राहून पाठवला. बांधणी इतकी पक्की होती की पलीकडं ती सोडवायला करवत आणावी लागली, असं तिनं नंतर सांगितलं.

ती बावीस थरांचं एक मोठं चित्र घेऊन परत आली. ते आज तिचं सगळ्यात नावाजलेलं काम आहे. सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले.

काही वर्षांनी शाईवालीच्या मनगटाला कंप सुटला. रंग कालवायला तो आड येत नसे, पण ताव ठोकळ्यावर नेमका बसवता येईना. केसभर सरकला की आधीचे पंधरा थर मातीत. तिनं दोन विद्यार्थिनी ठेवून पाहिल्या. एके दिवशी सर बांधणीवाल्याच्या खोलीच्या दारात आले आणि म्हणाले, "मी बसवतो. हात स्थिर आहे माझा."

तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हात धुऊन या," म्हणाली.

तेव्हापासून ताव सर बसवतात. रंग ती ठरवते, थांबायचं किती तेही तीच ठरवते. ती 'थांबा' म्हणाली की सर आठवडाभर थांबतात आणि तो आठवडा त्यांना फार जड जातो. पहिलं चित्र पुरं झालं तेव्हा तिनं खाली सही केली आणि तिच्याशेजारी बारीक अक्षरात 'ताव बसवले:' लिहून सरांचं नाव घातलं.

"नको," सर म्हणाले. "इतकी वर्षं मी तुझं घातलं नाही."

"ते माहीत आहे मला. म्हणूनच घालतेय."

मुलगी सुट्टीला आली होती. तिनं बापाला चहा देताना विचारलं, "बाबा, आता कसं वाटतं? सुटला ना एकदाचा तो जळफळाट?"

सरांनी खरं तेच सांगितलं. "नाही गं. परवा चौदावा रंग बसवला. तिनं जिथं गुलाबी टाकला तिथं मला सुचलंच नसतं. रात्री जेवण गेलं नाही."

"आईला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाली, उद्या पंधरावा आहे, वेळेवर या."

आणि सर वेळेवर गेले. ताव दोन्ही कोपऱ्यांना धरून त्यांनी श्वास रोखला, ठोकळ्यावर उतरवला, आणि तो जिथं बसायला हवा होता तिथंच बसला.